यूकेत बेनिफिट घेत असताना नवऱ्याचा किंवा बायकोचा व्हिसा: कोणत्या क्रमानं काय करायचं

यूकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींकडून या बाबतीत दोन चुका पुन्हा पुन्हा होतात, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. काही जण ‘बेनिफिट घेतोय म्हटल्यावर व्हिसा मिळणारच नाही’ या भीतीनं अर्जाआधी स्वतःचं पिप (अपंगत्वाचा भत्ता) किंवा केअरर्स अलाउन्स (आजारी किंवा अपंग माणसाची देखभाल करणाऱ्याचा भत्ता) बंद करून टाकतात. ज्या भत्त्यामुळे अर्ज सोपा झाला असता, तोच हातचा जातो. दुसरे काही जण व्हिसा मिळेपर्यंत सगळं नीट करतात आणि जोडीदार घरी आल्यावर युनिव्हर्सल क्रेडिटच्या (कमी उत्पन्नवाल्यांना दरमहा मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या) खात्यात कोणाला न विचारता ‘जोडपं’ म्हणून नोंद करून पुढचे पैसे घेत राहतात. त्याचा त्रास व्हिसाच्या पुढच्या मुदतवाढीला होतो.

स्पॉन्सरनं, म्हणजे जोडीदाराला बोलावणाऱ्यानं, स्वतःच्या हक्काचं बेनिफिट घेणं हा गुन्हा नाही, आणि तेवढ्यावरून व्हिसा नाकारला जात नाही. ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदत घ्यायची नाही, ही अट येणाऱ्या जोडीदारावर असते, तुमच्यावर नाही. इमिग्रेशन रूल्सच्या परिच्छेद ६अ मध्ये हे स्पष्ट आहे: जोडीदार तुमच्या बेनिफिटवर अवलंबून राहिला म्हणून अट मोडली असं होत नाही. पण त्याच्या येण्यामुळे तुमचं बेनिफिट वाढलं, तर ती वाढ अट मोडणारी ठरते. पुढचं बहुतेक सगळं या एका वाक्याला धरून आहे.

लेख ब्रिटिश नागरिक किंवा आयएलआर (कायम वास्तव्याचा परवाना) असलेल्या, यूकेत राहणाऱ्या आणि भारतातून नवरा-बायकोला बोलावणाऱ्यांसाठी आहे. रकमा २०२५-२६ च्या आहेत. बेनिफिटचे दर दर एप्रिलला बदलतात, व्हिसाचं शुल्कही मधूनमधून बदलतं. म्हणून अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर आकडा पाहूनच गणित मांडा.

गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडन किंवा साउथॉलला आलेल्यांनी आधी एक वेगळी वाट तपासावी. तुम्हाला ईयू सेटलमेंट स्कीमखाली (ब्रेक्झिटआधी आलेल्या युरोपीय नागरिकांच्या योजनेखाली) दर्जा असेल आणि जोडीदाराशी नातं ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचं असेल, तर त्या स्कीमचा फॅमिली परमिट विनाशुल्क आहे आणि त्याला उत्पन्नाची ही अट नाही. नातं त्यानंतरचं असेल तर पुढे वाचा.

पायरी १: तुमची वाट कोणती ते आधी ठरवा

वाटा दोन आहेत. पहिली वाट वर्षाला २९,००० पौंड ढोबळ उत्पन्न दाखवायची. ही मर्यादा ११ एप्रिल २०२४ पासून आहे, त्याआधी ती १८,६०० होती. दुसरी वाट ठरावीक अपंगत्वाचे किंवा देखभालीचे भत्ते मिळणाऱ्यांची. त्यांना २९,००० ची अट लागू नाही. त्यांना फक्त ‘पुरेसा निर्वाह’ होईल एवढं दाखवावं लागतं.

दुसऱ्या वाटेवर नेणारे मुख्य भत्ते असे: पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट म्हणजे पिप, डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, अटेंडन्स अलाउन्स, केअरर्स अलाउन्स, इंडस्ट्रियल इंज्युरीज डिसेबलमेंट बेनिफिट, सैन्यातल्या दुखापतीचे काही भत्ते आणि पोलिस इंज्युरी पेन्शन. स्कॉटलंडमध्ये पिपच्या जागी अ‍ॅडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आणि केअरर्स अलाउन्सच्या जागी केअरर सपोर्ट पेमेंट मिळतं, तेही चालतं.

या यादीत युनिव्हर्सल क्रेडिट नाही. हाउसिंग बेनिफिट, पेन्शन क्रेडिट, चाइल्ड बेनिफिटही नाहीत. नुसतं युनिव्हर्सल क्रेडिट मिळत असेल तर तुम्ही पहिल्याच वाटेवर आहात.

सावध: सर्वाधिक फसगत होते ती पुढच्या तीन ठिकाणी.

युनिव्हर्सल क्रेडिटमधला ‘केअरर एलिमेंट’ म्हणजे केअरर्स अलाउन्स नव्हे. अनेक जण आईची किंवा मुलाची देखभाल करतात, युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये तो जास्तीचा भाग घेतात आणि आपल्याला सूट आहे असं धरून चालतात. सूट नाही. केअरर्स अलाउन्सचा स्वतंत्र अर्ज करून तो मंजूर व्हावा लागतो.

आजारपणामुळे युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये मिळणारा ‘हेल्थ’ भागही चालत नाही. त्या आजारासाठी पिप मिळण्याजोगं असेल तर त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि त्याचा निर्णय यायला महिने लागतात. म्हणून हा विचार लग्नाची तारीख ठरवतानाच करायला हवा.

मुलाला मिळणारा डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स हा मुलाचा भत्ता आहे. तो तुमच्या खात्यात जमा होत असला तरी त्यावर तुम्हाला सूट मिळत नाही. त्या मुलाच्या देखभालीसाठी तुम्हाला स्वतःला केअरर्स अलाउन्स मिळत असेल तर मात्र मिळते.

तपासा: भत्त्याचं मंजुरीपत्र काढा. त्यावर तुमचंच नाव आहे का? भत्त्याचं नाव यादीतल्याशी तंतोतंत जुळतं का? अर्जाच्या दिवशी तो चालू असेल का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर पायरी ३ वर जा. एक जरी ‘नाही’ असेल तर पायरी २.

पायरी २: २९,००० ची वाट असेल तर

युनिव्हर्सल क्रेडिट मिळत असतानाही पगार २९,००० असू शकतो. भाडं जास्त असलेल्या शहरांत, मुलं असलेल्या घरांत हे सर्रास दिसतं. तेव्हा पगार मोजायचा आणि युनिव्हर्सल क्रेडिट बेरजेत धरायचं नाही. चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट, पेन्शन क्रेडिट, नवीन पद्धतीचे जॉबसीकर्स अलाउन्स (बेरोजगारी भत्ता) आणि ईएसए (आजारपणाचा भत्ता) यांतलंही काही धरायचं नाही. स्टेट पेन्शन, मॅटर्निटी अलाउन्स आणि नोकरीतला मॅटर्निटी किंवा आजारपणाचा पगार मात्र धरता येतो.

किमान वेतनावर काम करणाऱ्यांसाठी हा डोंगर किती उंच आहे ते आकड्यांत पाहा. एप्रिल २०२५ च्या दरानं २१ वर्षांपुढच्यांना तासाला १२.२१ पौंड किमान वेतन होतं. आठवड्याला साडेसदतीस तास वर्षभर काम केलं तर सुमारे २३,८०० पौंड होतात. २९,००० गाठायला आठवड्याला जवळजवळ ४६ तास लागतात. म्हणून बरेच जण दुसरी नोकरी धरतात. दोन नोकऱ्यांचे पगार एकत्र मोजता येतात, फक्त दोन्हींच्या पेस्लिप, बँकेतली जमा आणि मालकाचं पत्र हवं.

एकाच ठिकाणी सहा महिने झाले असतील तर सहा महिन्यांचे कागद पुरतात. तिथे नियम असा की ठरलेला पगार असेल तर त्या सहा महिन्यांतला सगळ्यात कमी पगार धरून, आणि तासांवर पगार असेल तर सहा महिन्यांची सरासरी धरून वर्षाचा हिशोब होतो. मध्येच एखादा महिना पगार घसरला आणि त्यामुळे हिशोब २९,००० च्या खाली गेला तर अर्ज पुढे ढकला. नोकरी सहा महिन्यांहून कमी काळाची असेल तर मागच्या बारा महिन्यांची मिळकतही दाखवावी लागते.

भारतातल्या जोडीदाराचा पगार पहिल्या अर्जात मोजत नाहीत. पुण्यात तिला कितीही चांगली नोकरी असो, उपयोग नाही. तिच्या नावावरच्या फ्लॅटचं भाडं मात्र धरता येतं. पण त्याचा दुसरा परिणाम पायरी ४ मध्ये वाचा आणि मगच ते कागद लावा.

पायरी ३: सूट असेल तर निर्वाहाचं गणित स्वतः मांडा

सूट मिळाली म्हणजे पैशाचा प्रश्न मिटला असं नाही. होम ऑफिस (व्हिसा देणारं खातं) असं पाहतं: कर आणि नॅशनल इन्शुरन्स वजा जाऊन हातात येणारं आठवड्याचं उत्पन्न घ्या, त्यातून घराचा खर्च म्हणजे भाडं किंवा हप्ता आणि काउन्सिल टॅक्स वजा करा. जे उरेल ते, तुमच्याएवढ्या कुटुंबाला इन्कम सपोर्ट या जुन्या भत्त्याखाली जेवढी रक्कम मिळाली असती, तेवढं तरी हवं. मुलं नसलेल्या जोडप्यासाठी २०२५-२६ मध्ये ती रक्कम आठवड्याला १४४.६५ पौंड आहे. मूल असेल तर वाढते. या हिशोबात तुम्हाला सध्या मिळणारे भत्ते धरता येतात. जोडीदार आल्यावर मिळेल असं वाटणारं काहीही धरता येत नाही.

एक उदाहरण. लेस्टरमधली एक मुलगी आजारी आईची देखभाल करते, अर्धवेळ नोकरी करते आणि तिला कोल्हापूरच्या नवऱ्याला बोलवायचं आहे. हातात आठवड्याला १९० पौंड पगार, केअरर्स अलाउन्स ८३.३०. एकूण २७३.३०. घराचा खर्च म्हणून आईला आठवड्याला १०० देते. उरले १७३.३०. गणित बसलं, आणि २८.६५ शिल्लकही आहेत. हीच मुलगी वेगळी राहत असती आणि भाडं-काउन्सिल टॅक्स मिळून १३० जात असते, तर १४३.३० उरले असते. १.३५ पौंडांनी अर्ज नाकारला गेला असता.

सावध: महिन्याच्या रकमेला ४ नं भागू नका. महिन्याचे ८२३.३३ पौंड ४ नं भागले तर २०५.८३ दिसतात. खरे आठवड्याचे होतात १९०, कारण १२ नं गुणून ५२ नं भागायचं असतं. भाडंही तसंच काढा. ही साधी चूक इतक्या अर्जांत असते की कागद गोळा करण्याआधी हे गणित दोन वेगळ्या दिवशी दोनदा करा असं मी सांगेन.

आईवडिलांच्या घरी राहत असाल तर त्यांचं पत्र लावा: घर कोणाचं, खोल्या किती, राहतात किती जण, तुम्ही किती पैसे देता. पैसे देत असाल तर ते बँकेतून द्या. ‘घरच्या घरी काय द्यायचं’ म्हणून रोख दिलेल्या पैशांचा माग राहत नाही, आणि काहीच देत नाही असं लिहायचं झालं तर तसं आईवडिलांनी पत्रात स्पष्ट म्हणायला हवं. ‘आम्ही मुलाला लागेल तेवढे पैसे देऊ’ या नातेवाइकांच्या आश्वासनाला इथे किंमत नाही.

केअरर्स अलाउन्स घेणाऱ्यांनी आणखी एक रेषा लक्षात ठेवायची. नोकरीची निव्वळ कमाई आठवड्याला १९६ पौंडांपेक्षा (२०२५-२६ ची मर्यादा) एक पौंडानं जरी वाढली तरी त्या आठवड्याचा पूर्ण भत्ता जातो. गणित बसावं म्हणून ओव्हरटाइम केला आणि त्यामुळे सूटच गेली, असं होऊ शकतं. आईला पेन्शन क्रेडिटमध्ये गंभीर अपंगत्वाची जास्तीची रक्कम मिळत असेल तर तुमच्या केअरर्स अलाउन्समुळे ती बंद होते, तेही नवा अर्ज करण्याआधी घरात बोलून घ्या.

पायरी ४: ‘दाखवायला’ पैसे खात्यात ठेवू नका

हा मुद्दा मला सगळ्यात कळकळीनं सांगायचा आहे.

आपल्याकडे व्हिसा म्हटलं की काका, मामा, सासरे पुढे येतात: ‘थोडे दिवस तुझ्या खात्यात ठेव, मग परत कर.’ उत्पन्न कमी पडलं तर बचतीवर अर्ज करता येतो हे खरं. उत्पन्न शून्य असेल तर ८८,५०० पौंड लागतात आणि ते सहा महिने तुमच्या ताब्यात असावे लागतात. पण युनिव्हर्सल क्रेडिटला भांडवलाची मर्यादा १६,००० पौंड आहे. त्यापुढे गेलात की ते बंद. ६,००० च्या वर प्रत्येक २५० पौंडांमागे महिन्याला ४.३५ पौंड कापले जातात. होम ऑफिसला ‘माझे ८८,५०० आहेत’ आणि डीडब्ल्यूपीला (बेनिफिट देणाऱ्या खात्याला) ‘माझ्याकडे काही नाही’ असं एकाच वेळी म्हणता येत नाही. दोन्ही ठिकाणी सही तुमचीच असते.

जोडीदार घरी राहायला आल्यापासून त्याचं भांडवलही तुमच्या खात्यात मोजलं जातं, भारतातलंसुद्धा. एफडी, शेअर, म्युच्युअल फंड, भाड्यानं दिलेला फ्लॅट, सगळं. आयुर्विम्याची पॉलिसी आणि अंगावरचे दागिने यांसारख्या वैयक्तिक वस्तू युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये भांडवल म्हणून धरत नाहीत. लग्नाआधीच दोघांनी बसून ही यादी करा. नाशिकचा फ्लॅट तिच्या नावावर आहे हे ती आल्यावर कळलं तर तुमचं घरभाडंच अडचणीत येईल.

आणि घाईघाईनं तो फ्लॅट भावाच्या नावावर करणं हा उपाय नाही. बेनिफिटसाठी मालमत्ता कमी केली असं ठरलं तर ती तुमचीच धरून हिशोब होतो.

पायरी ५: लग्नाला भारतात किती दिवस?

तिकीट काढण्याआधी ही पायरी. युनिव्हर्सल क्रेडिटवर असताना साधारण एक महिन्यापर्यंत परदेशी राहता येतं, तेही आधी कळवून आणि कामाच्या शोधाच्या अटी पाळून. केअरर्स अलाउन्सला, ज्यांची देखभाल करता ते सोबत नसतील तर, चार आठवडे. पिपला तेरा आठवडे.

सहा आठवड्यांचं लग्न, देवदर्शन, नातेवाइकांकडची जेवणं असा बेत आखलात तर केअरर्स अलाउन्स बंद होईल. त्याबरोबर व्हिसाची सूटही जाईल.

नोंदणी विवाह करणाऱ्यांनी खास काळजी घ्यावी. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, १९५४ खाली नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं. मुंबईत उतरून मग नोटीस दिली तर महिना तिथेच संपतो. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात ३० दिवस राहत असला तरी नोटीस देता येते, म्हणून नोटिशीची तयारी विवाह अधिकाऱ्याला विचारून तुम्ही निघण्याआधी करा. धार्मिक विधी करून महापालिकेत नोंदणी करणाऱ्यांना हा ३० दिवसांचा अडसर नाही.

लग्न झाल्यावर युनिव्हर्सल क्रेडिटच्या जर्नलमध्ये (ऑनलाइन खात्यातल्या निरोपांच्या जागी) एक ओळ लिहा: लग्न अमुक तारखेला झालं, जोडीदार भारतात आहे, अजून एका घरात राहत नाही, व्हिसाचा अर्ज करणार आहे. जोडीदार तुमच्या घरात राहत नाही तोवर तुमचा दावा एकट्याचाच राहतो. पण ही ओळ आज लिहून ठेवलीत तर दोन वर्षांनी ‘लपवलं का’ हा प्रश्न उरत नाही.

पायरी ६: कागद, मग अर्ज

क्रम असा ठेवा: आधी भत्त्याचं ताजं पत्र, मग बँक स्टेटमेंट, मग भाषेची परीक्षा आणि टीबी, शेवटी ऑनलाइन अर्ज. उलट केलं की शुल्क भरल्यावर कागदांसाठी धावाधाव होते.

सूट असलेल्यांना दोन गोष्टी लागतातच. डीडब्ल्यूपीचं अधिकृत पत्र, ज्यात सध्याचा हक्क आणि रक्कम असेल. आणि अर्जाआधीच्या बारा महिन्यांतलं किमान एक बँक स्टेटमेंट, ज्यात तीच रक्कम जमा दिसेल. एप्रिलमध्ये दर बदलतात, म्हणून जुन्या दराचं पत्र आणि नव्या दराचं स्टेटमेंट असा जोड लावू नका.

यापलीकडचे कागद दोन्ही वाटांना सारखेच: ए१ पातळीचं इंग्रजी, नाहीतर इंग्रजी माध्यमातली पदवी आणि परदेशी पदव्या तपासणाऱ्या एक्टिस या संस्थेचा दाखला. मान्यताप्राप्त दवाखान्यातली टीबी तपासणी. लग्नाचा दाखला, आणि तो फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर. नातं खरं असल्याचे पुरावे. दाटी होणार नाही असं घर.

खर्च आधी बाजूला काढा. एप्रिल २०२५ च्या दरानं बाहेरून करायच्या अर्जाचं शुल्क १,९३८ पौंड आणि आरोग्य अधिभार ३,१०५ पौंड. अर्ज नाकारला गेला तर अधिभार परत मिळतो, शुल्क नाही. हे पाच हजारांवर पैसे जमवतानाही ६,००० ची रेषा विसरू नका.

तपासा: अर्जातला पत्ता, पगार, घरातल्या माणसांची संख्या आणि भाडं हे युनिव्हर्सल क्रेडिट, काउन्सिल आणि एचएमआरसीकडे (कर खात्याकडे) आहे तेच आहे का? या कार्यालयांना एकमेकांची नोंद पाहता येते. कुठे जुना पत्ता राहिला असेल तर आधी तिथे दुरुस्त करा, मग अर्ज.

सल्ला हवा असेल तर इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेल्या सल्लागाराकडे किंवा सॉलिसिटरकडेच जा. यूकेत नोंदणीशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं गुन्हा आहे. बेनिफिटच्या बाजूचे प्रश्न सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये फुकट विचारता येतात.

पायरी ७: जोडीदार घरी आला, पहिला आठवडा

१. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये बदल कळवा. कोण आलं, कोणत्या तारखेला, ‘पब्लिक फंड्स’ची मनाई असलेला व्हिसा आहे, ते जर्नलमध्ये लिहा. नियम असा की अशा जोडीदाराबरोबर राहणारा माणूस एकट्या व्यक्तीच्या दरानंच दावा करतो. ऑनलाइन यंत्रणा ‘जोडपं’ म्हणून पुढे नेते आणि जोडीदाराची माहिती मागते. माहिती द्या, पण जोडीदार दावेदार नाही हे शब्दांत लिहून ठेवा.

२. पुढचं पेमेंट स्टेटमेंट उघडून मूळ रक्कम पाहा. २०२५-२६ च्या दरानं २५ वर्षांपुढच्या एकट्यासाठी महिन्याला ४००.१४ पौंड, जोडप्यासाठी ६२८.१०. तुमच्या स्टेटमेंटवर ६२८.१० दिसलं तर २२७.९६ पौंड जास्त आले आहेत आणि ते नेमके जोडीदारामुळे आलेले आहेत. खर्च करू नका. त्याच दिवशी जर्नलमध्ये लिहा आणि फोन करा. चूक कार्यालयाची असली तरी युनिव्हर्सल क्रेडिटचे जादा पैसे परत घेतले जातात, आणि व्हिसाची जोखीम तुमच्या घरात राहते.

३. काउन्सिलला कळवा. एकटे राहता म्हणून मिळणारी २५ टक्के सूट त्या तारखेपासून संपते. ती सूट ‘पब्लिक फंड’ नाही, पण न सांगता घेत राहणं महागात पडतं. काउन्सिल टॅक्स रिडक्शन मात्र पब्लिक फंड आहे, आणि प्रत्येक काउन्सिलची योजना वेगळी. जोडीदार आल्यानं तुमची रक्कम वाढणार नाही ना, हे लेखी विचारा.

४. काउन्सिलच्या घरात राहत असाल तर जोडीदार तिथे राहू शकतो. पण मोठ्या घरासाठी त्याचं नाव प्रतीक्षायादीत घालू नका. काउन्सिलनं घर देणं हाही पब्लिक फंडच आहे.

जोडीदाराला नोकरी लागली की त्याचा पगारही तुमच्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये मोजला जातो. कामाची सूट (वर्क अलाउन्स, म्हणजे कपात न होणारी कमाई) संपल्यावर प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कमी होतात. दर एकट्याचा आणि कमाई दोघांची, हे अन्यायाचं वाटतं, आणि मलाही वाटतं. पण नियम तोच आहे, म्हणून बजेट त्यावरच बांधा.

खासगी भाड्याच्या घरात राहणाऱ्या, मूल नसलेल्या आणि ३५ वर्षांखालच्यांना भाड्याची मदतही एका खोलीच्या दरानंच मिळते. पिपचा डेली लिव्हिंग भाग मिळत असेल तर यातून सुटका आहे.

पायरी ८: जोडीदारानं काय घ्यायचं आणि काय नाही

घेता येतं: एनएचएसचे उपचार (त्यासाठीच अधिभार भरला आहे), मुलांची सरकारी शाळा, नोकरी, आणि नोकरीतल्या वर्गणीवर मिळणारं सगळं. म्हणजे मॅटर्निटी पे, मॅटर्निटी अलाउन्स, आजारपणाचा पगार, नवीन पद्धतीचा जॉबसीकर्स अलाउन्स.

स्वतःच्या नावानं घेता येत नाही: युनिव्हर्सल क्रेडिट, पिप, केअरर्स अलाउन्स, चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट, काउन्सिलचं घर.

बाळ झाल्यावर हमखास चूक होते ती चाइल्ड बेनिफिटची. आईनंच अर्ज करायचा असा समज असतो. आईचा स्पाउस व्हिसा असेल तर अर्ज ब्रिटिश किंवा आयएलआर असलेल्या बाबांनी, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या खात्यावर करायचा. पहिल्या मुलासाठी २०२५-२६ च्या दरानं आठवड्याला २६.०५ पौंड मिळतात. तसं बाळ जन्मानंच ब्रिटिश असतं.

हे व्हिसावर आलेल्या जोडीदारासाठी: घरात मारहाण, धमक्या, पैसे किंवा पासपोर्ट काढून घेणं असलं काही होत असेल तर ‘पब्लिक फंड्सची मनाई आहे, जाणार कुठे’ असं समजून सहन करू नका. यासाठी वेगळी तरतूद आहे: मायग्रंट व्हिक्टिम्स ऑफ डोमेस्टिक अब्यूज कन्सेशन. त्यात तीन महिन्यांचा वेगळा परवाना मिळतो, त्यावर बेनिफिट घेता येतं आणि त्या काळात कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. राष्ट्रीय हेल्पलाइन ०८०८ २००० २४७, चोवीस तास आणि विनामूल्य. व्हिसा स्पॉन्सर करणाऱ्याला तो ‘रद्द करून टाकीन’ असं म्हणत तुम्हाला घरात डांबून ठेवण्याचा अधिकार नाही.

पायरी ९: मुदतवाढीची तयारी आजपासून

पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा असतो. मग ३० महिन्यांची वाढ, आणि पाच वर्षांनी आयएलआर. प्रत्येक टप्प्यावर पैशाची अट पुन्हा तपासली जाते. पहिल्या वेळी सूट होती म्हणजे दुसऱ्या वेळी असेलच असं नाही.

पिपच्या मंजुरीपत्रावर शेवटची तारीख पाहा आणि ती व्हिसाच्या शेवटच्या तारखेशेजारी लिहून भिंतीवर लावा. पिपची मुदत आधी संपत असेल तर फेरतपासणीचा फॉर्म वेळेत भरा, डॉक्टरांची पत्रं आधीच मागवा. पिप नाकारलं गेलं तर फेरविचाराचा अर्ज एका महिन्यात करायचा असतो. पण तो निकाल लागेपर्यंत तुम्ही ‘भत्ता मिळणारे’ धरले जात नाही. ज्यांची देखभाल करता त्यांचा भत्ता बंद झाला तर तुमचा केअरर्स अलाउन्सही थांबतो, तेव्हा त्यांच्याही तारखांवर लक्ष ठेवा.

सूट गेली तर दुसरी वाट २९,००० ची. इथे एक दिलासा आहे: मुदतवाढीत जोडीदाराचा यूकेतला पगार तुमच्या पगारात मिळवता येतो. म्हणून सूट असली तरी जोडीदारानं पहिल्या वर्षातच नोकरी धरणं शहाणपणाचं. पेस्लिप आणि बँकेतली जमा जुळती ठेवा, रोखीनं पगार घेऊ नका. ज्यांचा पहिला अर्ज ११ एप्रिल २०२४ पूर्वीचा आहे आणि जोडीदार तोच आहे, त्यांना मुदतवाढीला जुनी १८,६०० चीच मर्यादा लागते. मुलं व्हिसावर असतील तर त्यात भर पडते, पण एकूण २९,००० च्या वर जात नाही.

अर्ज व्हिसा संपण्याआधीच्या २८ दिवसांत करा, संपल्यावर नाही. वेळेत अर्ज केला तर निर्णय येईपर्यंत जोडीदाराचे राहण्याचे आणि काम करण्याचे हक्क तसेच चालू राहतात. अर्ज भरायला बसण्याआधी पायरी ३ चं गणित नव्या दरांनी पुन्हा मांडा आणि मागच्या ३३ महिन्यांची युनिव्हर्सल क्रेडिटची स्टेटमेंटं डाउनलोड करून ठेवा. जोडीदार आल्याच्या महिन्यापासून प्रत्येकावर एकट्याचाच दर आहे का, ते एकेक करून पाहा. एखाद्या महिन्यात जोडप्याचा दर लागलेला सापडला तर मुदतवाढीचा अर्ज करण्याआधी डीडब्ल्यूपीला लेखी कळवा, परतफेडीचं पत्र घ्या आणि ते सल्लागाराला दाखवूनच अर्जाचं शुल्क भरा.